हातभर जागा आणि पुलावरची लढाई

मी, खाली सही करणारी, वजनकाटे दुरुस्त करण्याचा वडिलोपार्जित धंदा वडिलांमागे चालवून आता बंद केलेली, अविवाहित, वय पंच्याहत्तरच्या पुढे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ऐकू कमी येते, पण कळते सगळे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा लाडीगोडीने करत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, मी सांगितला. महिना विचारला, तोही सांगितला. मग ते म्हणाले, "काटेवालीबाई, माझ्यापेक्षा तुम्हीच बऱ्या." हे वाक्य दाखल्यात नाही.

याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मागच्या भिंतीपलीकडच्या जागेबद्दल जे लिहिले होते ते अज्ञानापोटी लिहिले होते.

कलम १. घर. रस्त्याकडची दुकानाची खोली, मधली खोली, मागचे स्वयंपाकघर, वरचा माळा आणि भिंतीपर्यंतचे अंगण, आतल्या सामानासह, माझ्या पुतणीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला मिळावे. ती दुसऱ्या शहरात रुग्णालयात परिचारिका आहे. तिने इथे येऊन राहावे असा आग्रह नाही. विकायचे झाले तर खुशाल विकावे, मात्र आधी दुकानाची पाटी उतरवावी. आमच्या पाटीखाली बसून दुसऱ्या कोणी काटा मारलेला मला मेल्यावरही चालणार नाही. जिन्याची एक पायरी हलते. ती मी मुद्दाम तशी ठेवली आहे. वर कोणी येत असले की कळते.

कलम २. बँकेतली शिल्लक. माझ्या शेवटच्या खर्चाला लागेल ती वापरावी, उरेल ती पुतणीला द्यावी. मागे भाषणे नकोत. आमच्या घराने भाषणे पुष्कळ केली आहेत.

कलम ३. हत्यारे. लेथ, शाण, कानशी, आणि काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर झुलते त्या धारांचा डबा, हे सगळे समोरच्या पंपदुरुस्तीवाल्याला द्यावे. इतक्या वर्षांत त्याने मला "बाई असून" या शब्दांनी सुरू होणारे एकही वाक्य ऐकवले नाही. धंद्यात असे लोक मी थोडे पाहिले.

खिडकीत शोभेसाठी ठेवलेला पितळी तराजू कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला द्यावा. त्याने एकदा माझ्यासमोर आपला काटा ठेवून म्हटले होते, "काकू, हा जरा माझ्या बाजूने बोलेल असं बघा ना." खिडकीतला तराजू बिघडलेला आहे. त्याला उपयोगी पडेल.

कलम ४. आजोबांची युद्धातली सेवा. हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, हा मजकूर वेगळ्या कागदावर लिहा, मृत्युपत्रात तो लागत नाही. पण पुढच्या कलमात मी जमिनीचा एक तुकडा परक्या घराला देत आहे, आणि उद्या कोणी विचारले की म्हातारीने असे का केले, तर उत्तर इथेच असलेले बरे.

माझे आजोबा युद्धाच्या काळात नगर रक्षक दलात होते. दल म्हणजे खरे सैन्य नव्हे. शहरातले दुकानदार, कारागीर आणि कारकून शाळेच्या मैदानात कवायत करत. बंदुका पुरत नव्हत्या म्हणून निम्म्यांच्या खांद्यावर काठ्या असत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी: शत्रू पहाटे नदीवरच्या पुलावर चालून आला, आजोबा आणि शेजारचा बेकरीवाला पहाऱ्यावर होते, बेकरीवाला आजोबांच्या शेजारी गोळी लागून पडला, आजोबांनी एकट्याने पूल राखला. चौकातल्या स्मारकाच्या दगडावर बेकरीवाल्याचे नाव आहे. आजोबा जगले म्हणून त्यांचे नाही.

माझा थोरला भाऊ, ज्याला सगळे शहर सर म्हणते आणि मी दादा म्हणते, मुख्याध्यापक होता. स्मारकासमोरचे वार्षिक भाषण त्याचेच. त्याच्या भाषणात लढाई दर वर्षी थोडी वाढत गेली. सुरुवातीला शत्रूची एक टोळी होती. दादा निवृत्त झाला तोवर तोफा आल्या होत्या.

या गोष्टीत एकच भाग नीट बसत नसे. शेजारी शेजारी लढलेल्या या दोन माणसांच्या घरांचे आपसात बोलणे नव्हते. आमची अंगणे पाठीला पाठ लावून आहेत आणि मध्ये आजोबांनी बांधलेली भिंत आहे. घरात कारण सांगत ते असे: बेकरीवाल्याच्या विधवेने आमची हातभर जागा दाबली, म्हणून आजोबांनी वैतागून भिंत घातली. पुढे माझ्या वडिलांनी त्या हातभर जागेसाठी दावा लावला. तो इतकी वर्षे चालला की त्यावर वकिलाच्या मुलांची शिक्षणे झाली. नकाशे निघाले, मोजणी झाली, आणि भिंतीपलीकडे हातभर जागा आमचीच आहे असे ठरले. बेकरीची पिठाची खोली त्याच जागेवर होती. ती पाडावी लागली.

मी तेव्हा शाळेत होते. माळ्यावरच्या खिडकीतून पाहिले. त्या वेळचा बेकरीवाला, म्हणजे दगडावर नाव असलेल्याचा मुलगा, स्वतःच्या हाताने खोलीच्या विटा काढून एकावर एक रचत होता. गवंडी लावला नव्हता. आमच्या घराकडे त्याने मान वर करून पाहिले नाही. बाबा माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "बघ. आपली बाजू खरी असली की न्याय मिळतो."

मी दुकान बंद केले त्या सुमारास चौकातला दगड तडकला. नवा करायचे ठरले, समिती झाली, दादा अध्यक्ष झाला. प्रत्येक नावाखाली दोन ओळी माहिती कोरायची अशी कल्पना निघाली. दादा मला म्हणाला, "तुला आता वेळ आहे. जुन्या कागदांच्या कचेरीत जाऊन तारखा काढून आण. आजोबांचंही काय असेल ते बघ, प्रस्तावनेत घालू."

मी गेले. कचेरीतली कारकूनबाई भली होती, धूळ खात माझ्याबरोबर बसली. आजोबांची भरती सापडली, पुलावरची नेमणूक सापडली, आणि त्याच मोसमात "स्वतःच्या विनंतीवरून" दल सोडल्याची नोंद सापडली. पुलावरची लढाई कुठेच सापडली नाही. शत्रू नदी ओलांडायला लांबच्या दुसऱ्या घाटावर गेला होता, आपल्या शहराकडे फिरकलाच नव्हता. युद्धात पडलेल्यांत बेकरीवाल्याचे नाव नव्हते.

"मग हा माणूस मेला कसा?" मी विचारले.

कारकूनबाई म्हणाली, "बाई, कागदाला तेवढंच ठाऊक. बाकीचं त्यांच्या घरी विचारा."

त्यांच्या घरी विचारायचे म्हणजे ज्या उंबऱ्यावर आमच्या घरच्या कोणी पाय ठेवला नव्हता तिथे जायचे. मी बरेच दिवस टाळले. नंतर एका दुपारी गेले. बेकरी आता सून चालवते. सासू, म्हणजे दगडावरच्या माणसाची नात, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, भट्टीमागच्या खोलीत पाव थंड करायच्या फळ्या पुसत बसली होती. लग्नानंतरही ती माहेरीच राहिली, नवरा बेकरीत आला; शहराला बेकरीवाली म्हणून तीच ठाऊक. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "काटेवाल्यांची ना तू? ये. चप्पल राहू दे पायात, जमिनीला सगळं पीठच आहे."

मी येण्याचे कारण सांगितले. तिने फळी खाली ठेवली.

"तुझ्या आजोबांनी तुमच्या घरी काय सांगितलं होतं?"

"पुलावरची लढाई."

ती इतकी हसली की सून डोकावून गेली. "लढाई! अगं, त्या पुलावर शत्रूची बकरीसुद्धा आली नव्हती."

मग तिने सांगितले. तिला ते वडिलांनी सांगितले होते आणि वडिलांना त्यांच्या आईने. मी ऐकले तसे लिहिते.

तिचे आजोबा आणि माझे आजोबा त्या दिवशी पहाऱ्यावर बरोबर होते. उजाडता उजाडता शेजारची बाई धावत निरोप घेऊन आली की बेकरीवाल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या आहेत आणि तिचे काही खरे दिसत नाही. पहिलीच वेळ होती. रजा द्यायला दलाचा नायक जागेवर नव्हता. माझे आजोबा म्हणाले, "जा. मी आहे इथे. तोंड बघ आणि ये." बेकरीवाल्याने बंदूक आजोबांच्या हातात दिली आणि घरी गेला.

मुलगा झाला. मायलेकरे सुखरूप होती. त्याने मुलाला हातात घेतले, बायकोच म्हणाली की आता परत जा, आणि तो निघाला. वाटेत, पिठाच्या गिरणीपाशी, खऱ्या सैन्याची तुकडी भेटली. ती त्याच सकाळी शहरात आली होती. दलाला शिस्त लावायला पाठवली होती, आणि शिस्त लावायला कोणीतरी हवे होते. दंडावर दलाची पट्टी, हातात बंदूक नाही, पहाऱ्याची जागा मागे सोडलेली. त्यांनी त्याला धरले.

आजोबांना कळले तसे ते पळत गेले. अधिकाऱ्याला म्हणाले, "त्याला मी पाठवलं. तो परतच येत होता."

अधिकाऱ्याने विचारले, "तुला पाठवायचा अधिकार कुणी दिला?"

एवढीच चौकशी झाली. शाळेच्या मैदानात, जिथे ते कवायत करत, तिथे त्याला उभे केले. गोळ्या घालायला दलातलीच माणसे काढली, आणि जास्त बोलला म्हणून आजोबांना त्यांच्यात घेतले. आजोबांनी हुकमावरून गोळी घातली.

दुपारी ते बेकरीवाल्याच्या बायकोकडे गेले आणि दारात उभे राहून सगळे सांगितले, स्वतःची गोळीसुद्धा. ती त्या दिवसाचे मूल कुशीत घेऊन पडली होती. बेकरीवाली म्हणते, तिच्या आजीने आधी मूल शेजारी निजवले. नंतर म्हणाली, "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"दलातल्यांना."

"बोलतील?"

"नाही. त्यांना तोंड वर करवत नाही."

"मग माझा नवरा पुलावर मेला. लढताना मेला. तू शेजारी होतास, तू बघितलंस. या पोराला पळपुट्याचा मुलगा म्हणून वाढवायचा नाही मला."

आजोबा "बरं" म्हणाले.

"आणि मला तू रोज दिसता कामा नयेस."

तेव्हा दोन घरांचे अंगण एकच होते. आजोबांनी भिंत घातली, आणि तिला पिठाची खोली बांधता यावी म्हणून ती स्वतःच्या जागेत हातभर आत घातली. लोक विचारू लागले, काल एका ताटात जेवणारे आज भिंत का बांधतात? दोन्ही घरांनी ठरवून जागेचे भांडण सांगितले. पुढे दगडासाठी नावे गोळा करायला माणसे आली तेव्हा आजोबांनी साक्ष दिली की हा पुलावर पडला. आता पुलावर पडायचे तर पुलावर लढाई हवी. ती आजोबांनी रचली. आणि लढाईतून जो जिवंत परत येतो त्याला लोक वीर म्हणतातच. आजोबांनी ते नाकारले असते तर साक्षच खोटी ठरली असती. त्यांनी ऐकून घेतले, मरेपर्यंत.

माझ्या वडिलांना त्यांनी खरे कधी सांगितले नाही. तसा शब्द दिला होता. वडिलांना फक्त भांडण मिळाले आणि ते त्यांनी मनापासून केले.

मी बेकरीवालीला विचारले, "दावा चालू होता तेव्हा तुमच्या वडिलांना हे ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग कोर्टात बोलले का नाहीत? एका वाक्यात सगळं मिटलं असतं."

"मिटलं असतं. आणि दगडावरचं नावही मिटलं असतं." तिने पुन्हा फळी उचलली आणि पुसू लागली. "बाबा म्हणाले, पीठ काय, दुसरीकडे ठेवता येतं."

तिने एक पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी म्हटले, "तुम्ही म्हणाल तर मी गप्प बसते. दगडावर जुनंच येईल."

ती म्हणाली, "कशाला? आजी गेली, बाबा गेले. ज्यांना लाज वाटायची ते सगळे गेले. आता माझ्या आजोबांना त्या पुलावर किती दिवस उभं करून ठेवायचं? ते मूल बघायला घरी आले होते, असं लिही. आणि परत निघाले होते, हेही लिही. ते विसरू नकोस."

मी दादाला सांगितले. तो खुर्चीत बसून चष्मा पुसत होता आणि माझे बोलणे संपेपर्यंत पुसतच राहिला.

"तिच्याकडे पुरावा काय?"

"दादा, यात नाव तिच्याच आजोबांचं खाली येतं. ती खोटं कशाला बोलेल?"

"मग मी इतकी वर्षं चौकात उभं राहून काय बोललो?"

"आपल्याला जे सांगितलं होतं ते."

"पोरांना सांगितलं गं मी. शाळेतल्या पोरांना." मग म्हणाला, "आता त्याच दगडासमोर सांगू का, की माझ्या आजोबांनी शेजाऱ्याला गोळी घातली?"

मी म्हटले, तुला सांग असे कोणीच म्हटलेले नाही. त्याने मला जायला सांगितले. त्यानंतर तो माझ्याकडे येईना. समितीची बैठकही होईना. पाथरवट आजारी आहे असे दादा सगळ्यांना सांगत होता. पाथरवट ठणठणीत होता. मला रस्त्यात रोज भेटे.

मधल्या काळात काय झाले ते मला बेकरीवालीने सांगितले. दादा एक दिवस बेकरीत आला, पाव घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच. असे बरेच दिवस चालले. सून म्हणायची, सरांच्या घरी एवढा पाव खातं कोण? शेवटी एकदा पाव हातात घेऊन तो तिथेच थांबला आणि सासूला म्हणाला, "तुमच्या वडिलांची जन्मतारीख हवी होती." तिने सांगितली. त्याने पुन्हा विचारून खात्री केली आणि गेला.

त्यानंतर बैठक झाली. मी कागद घेऊन गेले होते, पण दादाने मला बोलू दिले नाही. उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. म्हणाला, "पुलावर लढाई झालेली नाही. ती मी एकट्यानेच लढत होतो." मग बाकीचे सांगितले, आजोबांच्या गोळीसकट. आवाज भाषणाचा नव्हता. एका सभासदाने विचारले, "मग सर, ते नाव काढायचं का दगडावरून?"

दादा म्हणाला, "नाव राहील. लढाई काढा."

त्यावर वाद झाला, तो इथे लिहीत नाही. शेवटी मंजूर झालेला मजकूर असा: "मुलाच्या जन्मासाठी पहाऱ्यावरून घरी गेला. परत येताना धरला गेला. दोषी ठरवून त्याच दिवशी गोळी घातली." खाली तारीख एकच आहे, ती मृत्यूचीही आहे आणि मुलाच्या जन्माचीही. दगड सध्या पाथरवटाकडे आहे. माझ्या हयातीत बसला तर उत्तम. नाही बसला आणि समितीचे मन बदलले, तर हे कलम चौकात मोठ्याने वाचून दाखवावे. तेवढा अधिकार मी पुतणीला देते. तिचा आवाज चांगला आहे.

कलम ५. भिंतीपलीकडची हातभर जागा. कोर्टाच्या निकालाने आमची ठरलेली ही जागा मी बेकरीवालीला आणि तिच्यामागे तिच्या वारसांना कायमची देते. निकाल चुकीचा नव्हता, जागा आमचीच होती. म्हणूनच ती देता येते. भिंत पाडायची का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "अजिबात नाही. माझा भोपळ्याचा वेल आहे तिच्यावर." तेव्हा भिंत राहील.

कलम ६. गणवेश. आजोबांचा दलाचा कोट कसरीने खाल्ला आहे, तो टाकून द्यावा. पितळी बिल्ला पुतणीकडे राहावा. तिने तो पुसून चकचकीत करू नये. आजोबांनीही कधी केला नव्हता.

कलम ७. ~~आजोबांचे शिसवी टेबल, ज्यावर ते काटे जुळवत, माझ्या थोरल्या भावाला, कारण लहानपणापासून त्याचा त्यावर डोळा आहे.~~ हे कलम मी खोडले आहे. खोडण्यावर माझी आद्याक्षरे आहेत. कारण पुढीलप्रमाणे.

हे मृत्युपत्र वकिलांनी मला वाचून दाखवले तेव्हा दादा हजर होता. कलम चारपाशी आल्यावर त्याने हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाला, "पुन्हा वाचा." वकिलांनी पुन्हा वाचले. मला वाटले आता वाद घालणार.

तो म्हणाला, "'हुकमावरून' हा शब्द आहे ना त्यात?"

"आहे," मी म्हटले.

"बरं." मग वकिलांकडे वळून म्हणाला, "साक्षीदार कोण?"

वकील म्हणाले, "एक कोपऱ्यावरचे औषधवाले. दुसरा शोधायचा आहे."

"मी करतो सही."

"सर, तुम्हाला चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. त्याचा हिस्सा रद्द होतो. तुम्हाला टेबल मिळतंय."

दादा माझ्याकडे वळला. "ते खोड."

मी म्हटले, "अरे, सही कोणीही करील. त्या टेबलासाठी तू लहानपणी दोन दिवस जेवला नव्हतास."

"टेबल नको मला. यात जे लिहिलंय त्याखाली माझं नाव पाहिजे. खोड म्हणतो ना."

मी खोडले. टेबल आता घराबरोबर पुतणीकडे जाईल. तिने ते कोणाला वापरायला द्यावे यात मी पडत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी तो समजून घेतला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली आहे.

ठिकाण: राहते घर, मधली खोली
दिनांक: ९ एप्रिल, दुपार

मृत्युपत्र करणार: (सही) काटेवाली

साक्षीदार १: (सही) औषधवाला, कोपऱ्यावरचे दुकान

साक्षीदार २: (सही) मृत्युपत्र करणारीचा थोरला भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. कलम चार मी वाचले आहे. ते खरे आहे.